पांढरीखालच्या पूर्वजांना वारस हवा

जालन्याच्या रस्त्याने छत्रपती संभाजीनगर मागे टाकून पूर्वेकडे निघाले म्हणजे, चिकलठाण्याच्या पुढे ज्या मुलखात एके काळी ज्वारी, बाजरी आणि कपाशी यांच्या शेतांखेरीज फारसे काही दृष्टीस पडत नसे, त्या शेंद्रा, कुंभेफळ, लाडगाव आणि करमाड या मौजांच्या शिवारात आज कारखान्यांची उंच छपरे, रुंद रस्ते आणि विजेचे मनोरे यांनी क्षितिज भरून गेलेले दिसते. आधी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे पंचतारांकित क्षेत्र आले, मागाहून दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेच्या योजनेतून ‘ऑरिक’ नावाची नगरी आखली गेली, आणि तिचा दुसरा, अधिक विस्तीर्ण भाग पैठण तालुक्यातील बिडकीन येथे धरण्यात आला. दोन्ही मिळून हे क्षेत्र सुमारे १०,००० एकरांचे आहे. वारंवारच्या अवर्षणाने गांजलेल्या या प्रदेशातील तरुणाला गावाजवळच काम मिळावे, ही गोष्ट इतकी इष्ट आहे की तिच्याविरुद्ध बोलू पाहणाऱ्याने आधी येथील कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरचा जमाखर्च पाहावा. प्रस्तुत लेखाचा हेतू तसा विरोध करण्याचा यत्किंचितही नाही. हेतू इतकाच की, जमीन संपादन करताना ज्या पंचनाम्यात विहीर, बांध, गोठा आणि आंब्याचे प्रत्येक झाड वेगवेगळे मोजले जाते, त्या पंचनाम्यात एक रकाना आजवर राहून गेलेला आहे, आणि तो भरण्याची वेळ अद्याप टळलेली नाही, याकडे राज्यकर्त्यांचे आणि वाचकांचे लक्ष वेधावे. तो रकाना या मातीत पुरल्या गेलेल्या माणसांचा होय.

महाराष्ट्रातील जुन्या गावाची जमीन काळी आणि पांढरी अशी दुहेरी असते, पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी, हे ग्रामीण वाचकास सांगावयास नको. मातीच्या भिंती पडाव्यात, त्यांच्यावर नव्या उभ्या राहाव्यात, चुलीची राख, शेण, फुटकी मडकी, धान्याचा कोंडा आणि जनावरांची हाडे थरावर थर साचत जावीत, आणि अशी शतकांमागून शतके लोटावीत, म्हणजे नदीकाठी किंवा ओढ्याकाठी फिकट राखी रंगाचा जो उंचवटा तयार होतो, तेच पांढरीचे टेकाड. ही माती खताला उत्तम, हे शेतकऱ्याला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. उन्हाळ्यात गाड्या जुंपून ती शेतात नेऊन पसरण्याची वहिवाट जुनीच आहे, आणि तीत त्याचा दोष काढण्याचे कारण नाही. पण बैलगाडीच्या जागी ट्रॅक्टर आणि कुदळीच्या जागी जेसीबी आल्यापासून, जे टेकाड झिजण्यास कित्येक पिढ्या लागत, ते आता काही दिवसांत सपाट होते. आणि औद्योगिक क्षेत्रासाठी सपाटीकरण व्हावयाचे असेल तर तेवढाही अवधी लागत नाही. पुरातत्त्वज्ञाच्या दृष्टीने हे टेकाड म्हणजे अक्षरे नसलेले दप्तर आहे, आणि त्या दप्तरातील सर्वांत मोलाची पाने म्हणजे त्यातील दफने.

हे दप्तर वाचण्याचे काम महाराष्ट्रात नेटाने चालविले ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील ह. धी. सांकळिया आणि त्यांचे सहकारी यांनी. १९५०-५१ साली सांकळिया आणि शां. भा. देव यांनी प्रवरेकाठच्या जोर्वे येथे उत्खनन केले, आणि तेथे मिळालेल्या तांबड्या पृष्ठभागावर काळ्या रंगाने नक्षी काढलेल्या भांड्यांवरून, दख्खनच्या आद्य शेतकऱ्यांच्या एका संपूर्ण संस्कृतीला जोर्वे संस्कृती हे नाव मिळाले. पुढे १९५४ ते १९५६ या काळात, आणि पुन्हा १९५९ ते १९६१ मध्ये, नेवाशाचे उत्खनन झाले. ज्या नेवाशात शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरांनी गीतेवरील आपली टीका सिद्धीस नेली, त्याच नेवाशाच्या लाडमोड नावाच्या टेकाडाखाली, ज्ञानेश्वरांच्याही पूर्वी दोन-अडीच हजार वर्षे, ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांचे एक गाव नांदत होते. आणि त्या गावाने आपली दिवंगत मुले गावाबाहेर नेली नव्हती, तर राहत्या घरांच्या जमिनीखाली पुरली होती.

त्यांतील एका लहान मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. साडेतीन हजार वर्षांच्या सुमाराचा कोणताही धागा आपल्या दमट मातीत टिकावा, ही वस्तुतः अशक्यप्राय गोष्ट. परंतु तांब्याला चढणाऱ्या गंजातील क्षार आपल्या सान्निध्यातील तंतूंना कुजू देत नाहीत, म्हणून मण्यांच्या भोकांतून ओवलेल्या दोऱ्याचा अंश शिल्लक राहिला. वस्त्रतंतूंचे अभ्यासक ए. एन. गुलाटी यांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, आणि त्यात रेशीम व कापूस यांचे तंतू असल्याचा निष्कर्ष १९६१ साली प्रसिद्ध केला. त्या काळात तांबे दुर्मीळ होते, रोजची हत्यारे गारगोटीच्या जातीच्या दगडांपासून काढलेल्या पात्यांची असत, आणि तरीही कुणी एका आईबापाने घरातील बहुधा सर्वांत मौल्यवान वस्तू आपल्या गेलेल्या लेकराच्या गळ्यात राहू दिली. भारतीय वस्त्रविद्येच्या इतिहासातील इतका महत्त्वाचा पुरावा राजवाड्यात अथवा व्यापारी पेठेत सापडला नाही, तो प्रवरेकाठच्या एका शेतकऱ्याच्या घराखालील दफनात सापडला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

याहून विस्तृत चित्र मिळाले ते पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी वसलेल्या इनामगावी. सांकळिया, अन्सारी आणि म. के. ढवळीकर यांच्या देखरेखीखाली १९६८ पासून १९८३ पर्यंत हंगामामागून हंगाम तेथे उत्खनन चालले, आणि इ. स. पूर्व १६०० च्या सुमारास स्थापन होऊन इ. स. पूर्व ७०० च्या सुमारास ओस पडलेल्या त्या गावातील शंभराहून अधिक घरे उजेडात आली. गहू, जव, वाटाणा, कडधान्ये पिकविणारी, पाण्यासाठी पाट काढून बांध घालणारी, गाईगुरे, शेळ्यामेंढ्या पाळणारी आणि बोरे, आवळे, जांभळे खाणारी ही माणसे आपल्या मृतांची व्यवस्था कशी करीत, हे येथे जितके स्पष्ट दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसते. मूल गेले म्हणजे घरातील जमिनीतच खड्डा खणीत. हाताने घडविलेले दोन करडे रांजण आडवे ठेवून त्यांची तोंडे एकमेकांस जोडीत आणि त्या दोहोंच्या पोकळीत मुलाला निजवीत. सोबत तोटीचे एखादे भांडे आणि वाडगा, त्यात बहुधा पाणी आणि अन्न ठेवीत. मग खड्डा बुजवून वरची जमीन चोपून सारखी करीत, आणि त्याच जमिनीवर घरातील माणसांचा संसार पुढे चाले. दोनएक वर्षांच्या एका मुलीच्या गळ्यात तांब्याचे आणि तांबड्या जास्पर दगडाचे मणी आळीपाळीने ओवलेली माळ तेथे मिळाली.

मोठ्या माणसांचा विधी निराळा होता. त्यांस उत्तरेकडे डोके करून उताणे निजवीत, आणि घोट्याखालचे पाऊल तोडून टाकीत. मृताने उठून परत चालू लागू नये, किंवा घर सोडून दूर जाऊ नये, अशा समजुतीने हे केले जात असावे, असा अर्थ संशोधकांनी लावला आहे. या नियमाला एक लक्षणीय अपवाद आढळला. वस्तीच्या मध्यभागी, धान्याचे कोठार जवळ असलेल्या एका पाच दालनी घराच्या अंगणात, न भाजलेल्या मातीचा, चार पायांचा, फुगीर पोटाचा एक प्रचंड रांजण पुरलेला होता, आणि त्याच्या आत चाळिशीच्या सुमाराचा एक पुरुष पाय दुमडून बसलेल्या स्थितीत होता. त्याची पावले तोडलेली नव्हती. त्याच्यासोबत ठेवलेल्या भांड्यावर लांब वल्ह्यांची नाव चितारलेली होती. घराचा विस्तार, कोठाराचे सान्निध्य आणि दफनाचा हा मान पाहून ढवळीकरांनी तो गावाचा प्रमुख असावा असे अनुमान केले, आणि त्या काळच्या समाजात लहानमोठेपणाची उतरंड होती, हा महत्त्वाचा निष्कर्ष त्यातून निघाला. दख्खनच्या आद्य शेतकऱ्यांनी एकही अक्षर लिहून ठेवले नाही. त्यांचा मानमरातब, त्यांची माया आणि त्यांचे भय आपणांस कळते ते अशा खड्ड्यांमुळेच.

या प्रथांचे प्रतिध्वनी आजच्या महाराष्ट्रात ऐकू येतात. तान्हे मूल दगावले तर त्याला अग्नी न देता पुरण्याची रीत अनेक जातींत आजही पाळली जाते. लिंगायत समाजात आणि संन्याशांच्या बाबतीत देहाला बसल्या स्थितीत समाधी दिली जाते. उत्तरेकडे डोके करून निजू नये, ती दिशा मृताची, हे घरातली वडीलधारी माणसे लहानपणीच आपल्या मनावर बिंबवितात. साम्य दिसले म्हणून सलग वंशावळ सांगणे शास्त्राला धरून होणार नाही. तथापि ज्या भूमीवर आपण राहतो तेथे मृत्यूविषयीच्या काही भावना हजारो वर्षे टिकून राहिल्या किंवा पुनःपुन्हा उद्भवल्या, एवढे तरी मान्य करणे प्राप्त आहे. आणि ज्यांच्याशी आपले असे नाते लागण्याचा संभव आहे, त्यांच्या अस्थींविषयी उदासीन राहणे हे नुसते विद्येच्याच दृष्टीने गैर आहे असे नाही.

नेवासे आणि इनामगाव ही दोनच ठिकाणे असती तर त्यांस योगायोग म्हणता आले असते. पण प्रवरेकाठीच, श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबाद येथे, जेथे १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचे मूळ खणताना रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा यांच्या ६० किलोंहून अधिक वजनाच्या ब्राँझच्या मूर्ती मिळाल्या, तेथे उत्तरकालीन हडप्पा संस्कृतीच्या थरात कच्च्या विटांनी कडा बांधून काढलेली एका प्रौढाची कबर आढळली, आणि त्यावरच्या काळात दहनानंतर अस्थी कुंभात पुरणे, देह खड्ड्यात पुरणे आणि देहावाचून प्रतीकात्मक दफन करणे, असे तीन प्रकार एकाच वस्तीत आढळले. गिरणाकाठी चाळीसगाव तालुक्यातील बहाळ येथे वस्ती एका तीरावर आणि दफनभूमी समोरच्या तीरावर, टेकवाड्याला होती. विदर्भात लोहयुगीन लोकांनी मृतांसाठी गावाबाहेर दगडांची वर्तुळे रचली. नागपूरजवळच्या जुनापाणी येथील वर्तुळांचे वर्णन रिव्हेट-कर्नाक या इंग्रज अधिकाऱ्याने १८७९ सालीच प्रसिद्ध केले होते, आणि माहुरझरीच्या उत्खननात त्या वर्तुळांखाली घोड्यांचे सांगाडे आणि त्यांच्या मुखावरचे तांब्याचे अलंकारही मिळाले. आपल्या जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर ज्या पैठण तालुक्यात बिडकीनचे औद्योगिक क्षेत्र उभे राहत आहे, त्याच तालुक्यात गोदावरीकाठी आपेगाव आहे, जेथे १९७६ साली देव, ढवळीकर आणि अन्सारी यांनी उत्खनन करून ताम्रपाषाणयुगीन वस्ती प्रकाशात आणली. आणि त्याआधी १९७३ साली तेव्हा याच जिल्ह्यात असलेल्या भोकरदनचे उत्खनन नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून केले होते. सारांश, गोदावरी, प्रवरा, गिरणा, घोड यांच्या खोऱ्यांत पांढरी दिसली की तिच्याखाली कुणी निजलेले असण्याचा संभव गृहीत धरूनच चालले पाहिजे.

या हाडांपासून आजच्या माणसाला काय लाभ, असा प्रश्न व्यवहारी वाचकाच्या मनात येईल, आणि तो रास्त आहे. मुलाचे दात तयार होत असताना उपासमार किंवा दीर्घ आजार झाला, तर दाताच्या लुकणावर आडव्या खाचा उमटतात आणि त्या पुढे पुसल्या जात नाहीत. लांब हाडांच्या वाढीवरून मूल वयाच्या मानाने खुजे राहिले की काय, हे कळते. जॉन लुकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी इनामगावच्या मानवी अवशेषांचा या दृष्टीने केलेला अभ्यास १९८६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्यानंतर ग्वेन रॉबिन्स शुग या संशोधिकेने नेवासे, दायमाबाद आणि इनामगाव येथील बालकांच्या अस्थी तपासून २०११ साली आपला ग्रंथ लिहिला. इ. स. पूर्व १००० च्या सुमारास हवामान अधिक कोरडे झाले, शेती ढासळली, चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या आणि लोक पशुपालनाकडे वळले, असे ढवळीकरांचे प्रतिपादन होते. शुग यांनी हवामानाच्या त्या कारणाविषयी प्रश्न उपस्थित केले, परंतु अखेरच्या काळात बालमृत्यू वाढले आणि मुलांची वाढ खुंटली, हे त्यांना अस्थींतच दिसले. अवर्षणप्रवण जमिनीवर वाढती वस्ती कशी जगते आणि केव्हा कोसळते, हा प्रश्न मराठवाड्याला परका नाही. किंबहुना तो आपला सर्वांत जिव्हाळ्याचा प्रश्न आहे. त्याचे साक्षीदार म्हणून जी मुले उभी राहिली, त्यांची नावे कुणाला ठाऊक नाहीत.

आणि येथेच खरी अडचण आहे. संभाजीनगरच्या वायव्येस खुलताबाद आहे. तेथे बुऱ्हानुद्दीन गरीब आणि झैनुद्दीन शिराझी हे सूफी संत, १६१० च्या सुमारास खडकी वसविणारा मलिक अंबर, बादशहा औरंगजेब आणि हैदराबादच्या आसफजाही घराण्याचा मूळ पुरुष असे अनेक जण विसावले आहेत. त्या कबरींना नावे आहेत, म्हणून त्यांचे रक्षण करणारेही आहेत आणि त्यांच्यावरून तंटा करणारेही आहेत. त्यांच्याविषयी वृत्तपत्रांचे रकाने भरतात, सरकार बंदोबस्त ठेवते, न्यायालये अर्ज ऐकतात. पांढरीखालच्या माणसाला नाव नाही, जात नाही, पंथ नाही, भाषा कोणती होती तेही माहीत नाही. म्हणून त्याच्यासाठी मोर्चा निघत नाही आणि त्याच्याविरुद्धही निघत नाही. त्याची कबर नाहीशी होते ती द्वेषाने नव्हे, केवळ कुणी विचारणारे नसल्यामुळे.

अशा अनामिक मृतांना सामान्य माणसाने आपल्या परीने कधी विसरू दिलेले नाही, हेही नमूद केले पाहिजे. वेशीवरचे वीरगळ, शेताच्या बांधावरच्या समाध्या, पिंपळाखालचा मुंजा, ही गेलेल्या माणसाला गावाने दिलेली जागाच होय. खुद्द शेंद्र्यात मांगीरबाबांचे देवस्थान आहे. मातंग समाजाचे ते फार मोठे श्रद्धास्थान असून चैत्रातील यात्रेला दूरदूरच्या गावांहून लोक येतात. कारखाने आले, रस्ते रुंदावले, तरी ती यात्रा भरतच राहिली, याचे कारण तिच्यामागे माणसे उभी आहेत. ज्यांच्यामागे माणसे उभी नाहीत, त्यांच्यामागे कायद्याने उभे राहावे, एवढीच अपेक्षा आहे.

कायदा आज काय करतो? २०१३ च्या भूसंपादन कायद्याने प्रकल्पाच्या सामाजिक परिणामांचे मूल्यमापन करताना रस्ते, पाणवठे, गायराने, शाळा आणि प्रार्थनास्थळे यांच्याबरोबरच दफनभूमी आणि स्मशानभूमी यांवरील परिणामही विचारात घ्यावा, असे स्पष्ट म्हटले आहे. ही तरतूद स्तुत्य आहे, पण तिचा रोख गावाला ठाऊक असलेल्या, चालू वहिवाटीतील दफनभूमीकडे आहे. केंद्राचा १९५८ चा आणि राज्याचा १९६० चा प्राचीन स्मारकविषयक कायदा संरक्षण देतो ते मुख्यत्वे संरक्षित म्हणून जाहीर झालेल्या स्थळांना. बहुसंख्य पांढऱ्या कोणत्याही यादीत नाहीत. १८७८ चा निखात निधीचा कायदा जमिनीत सापडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू जिल्हाधिकाऱ्यांस कळविण्यास सांगतो. परंतु दोन फुटक्या रांजणांत निजलेल्या मुलाच्या हाडांची किंमत बाजारात दहा रुपयेही होत नाही, म्हणून ती कुणी कळवीत नाही. उलटपक्षी राज्यघटनेच्या २९६ व्या अनुच्छेदाने बेवारस मालमत्ता सरकारजमा होते, हे तत्त्व आपण मान्य केले आहे. ज्याला वारस नाही त्याच्या जमिनीचा वारस सरकार होते, तर ज्याला वारस नाही त्याच्या अस्थींचे दायित्वही सरकारने पत्करले पाहिजे. मालमत्ता घ्यावयाची आणि जबाबदारी सोडावयाची, हा न्याय कोणत्याही चांगल्या राज्यव्यवस्थेला शोभणारा नाही.

हे अव्यवहार्य आहे असे म्हणणाऱ्यांसाठी दाखले आहेत. नागार्जुनसागर धरणाच्या पाण्याखाली जाणार म्हणून १९५४ ते १९६० या काळात नागार्जुनकोंड्याचे खोरे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने उत्खनन करून तपासले, तेथील महापाषाणीय दफनेही नोंदविली, आणि धरणही बांधले गेले. आपल्याकडे १९६५ साली पायाभरणी होऊन १९७६ साली पूर्ण झालेल्या जायकवाडीच्या नाथसागरात शंभराहून अधिक गावांच्या जमिनी गेल्या. त्या गावांच्या पांढऱ्यांची जर त्याच तोलाने झडती झाली असती, तर गोदावरीच्या खोऱ्याचा इतिहास आज कितीतरी भरीव झाला असता. न्यूयॉर्क शहरात १९९१ साली सरकारी इमारतीचा पाया खणताना आफ्रिकी गुलाम आणि मुक्त आफ्रिकी लोकांची विस्मृत दफनभूमी लागली. लोकांच्या आग्रहामुळे बांधकामाचा आराखडा बदलला, ४१९ जणांच्या अस्थींचा अभ्यास होऊन २००३ साली त्या सन्मानाने पुन्हा पुरल्या गेल्या, आणि २००६ साली ती जागा राष्ट्रीय स्मारक ठरली. जगातील अत्यंत महाग जमिनीपैकी एका जमिनीवर हे घडू शकले. आणि युरोपातील राष्ट्रांनी १९९२ सालच्या व्हॅलेटा करारान्वये बांधकामापूर्वीच्या उत्खननाचा खर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकातच धरण्याचे तत्त्व स्वीकारले आहे.

शेतकऱ्याची भीती मात्र गंभीरपणे घेतली पाहिजे. केंद्रसंरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामास मनाई आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रण, असा नियम आहे. आपल्या टेकाडात काही सापडले आणि ते सरकारला कळविले तर विहीर खणता येणार नाही, घर बांधता येणार नाही आणि जमिनीची किंमत मातीमोल होईल, असे ज्याला वाटते तो माणूस सापडलेले मडके गुपचूप फोडून टाकील, यात नवल नाही. म्हणून सरसकट मनाई हा उपाय नव्हे. उपाय आधी नोंदीचा, मग तपासणीचा आणि त्यानंतर, अगदी थोड्या ठिकाणी, जतनाचा असला पाहिजे; आणि प्रत्येक टप्प्यावर जमीनधारकाचे नुकसान होणार नाही, एवढेच नव्हे तर माहिती देणाऱ्याला रोख मोबदला आणि जाहीर सन्मान मिळेल, अशी तजवीज असली पाहिजे.

याचा व्यवहारी क्रम कठीण नाही. संपादनाची अधिसूचना निघण्यापूर्वी त्या मौजातील प्रत्येक पांढरी राज्य पुरातत्त्व संचालनालयाने आणि येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या अभ्यासकांनी पायी फिरून पाहावी. पृष्ठभागावरील खापरांवरून टेकाडाचे वय जाणकाराला बहुधा ओळखता येते, आणि या पाहणीस खर्च नगण्य लागतो. जेथे प्राचीन खापरे मिळतील, त्या गटाची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात आणि गावनकाशावर करावी, म्हणजे पुढे फेरफार झाला, खरेदीखत झाले, तरी ती माहिती कागदावरून पुसली जाणार नाही. सपाटीकरणापूर्वी ठरावीक मुदतीत चाचणीचे खड्डे घ्यावेत. काही न मिळाल्यास जमीन लगेच मोकळी करावी. मिळाल्यास दोन मार्ग आहेत: एक तर रीतसर उत्खनन करून अस्थी आणि वस्तू जिल्ह्यातच, अभ्यासास उपलब्ध राहतील अशा ठिकाणी, आदराने ठेवाव्यात, किंवा, आणि हाच मार्ग बहुतेक वेळा स्वस्त आणि श्रेयस्कर ठरेल, ते टेकाड आराखड्यातील खुल्या जागेत धरून न खणताच राखावे. प्रत्येक औद्योगिक नगरीला उद्यानासाठी, हरित पट्ट्यासाठी जागा सोडावीच लागते. ती पांढरीवर सोडली तर कारखान्याचे एक चौरस फूटही कमी होत नाही.

शेंद्रा आणि बिडकीन येथील पुष्कळशी जमीन आता संपादित झाली आहे, परंतु संपादित झालेली सर्व जमीन अजून बांधली गेलेली नाही, आणि औद्योगिक क्षेत्रांचा विस्तार येथेच थांबणारही नाही. म्हणून ही मागणी भूतकाळाबद्दलची हळहळ नसून येत्या अंदाजपत्रकाबद्दलची आहे. जिल्हाधिकारी कार्यालय, महामंडळ, पुरातत्त्व संचालनालय आणि विद्यापीठ या चौघांनी एकत्र बसून या जिल्ह्यातील पांढऱ्यांची पहिली संपूर्ण यादी तयार करावी; ग्रामसभांनी आपापल्या टेकाडांची माहिती तीत स्वतः भरावी, कारण कोणत्या वावरात नांगराला मडकी लागतात हे गावातील म्हाताऱ्या माणसांइतके कुणालाच ठाऊक नसते. या मुलखात पहिला नांगर ज्यांनी धरला, पहिले पाट ज्यांनी काढले आणि आपली लेकरे ज्यांनी याच मातीच्या स्वाधीन केली, त्यांच्यानंतर आलेल्या सर्वांवर, मग ते शेतकरी असोत, कारखानदार असोत की सरकार, त्यांचे ऋण आहे. आणि ऋण फेडण्याची पहिली पायरी म्हणजे ते आपल्या वहीत प्रामाणिकपणे लिहून ठेवणे.